बाळोतें सुटण्याची वेळ

ज्या विषयावर आज चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे, तो चारचौघांत काढावयाचा नाहीं असा आपल्याकडे शिरस्ता आहे. मुलाचें बारसें, उष्टावण, जावळ, मुंज यांविषयीं मोकळेपणानें बोलावें, त्यांचे मुहूर्त पाहावे, आमंत्रणें छापावीं. परंतु त्याच मुलानें शी-शू सांगावयास केव्हां व कसें शिकावें, हा प्रश्न मात्र मोरीच्या उंबरठ्याआंतच राहावयाचा. वास्तविक ज्या घरांत सासू, सून व तान्हें मूल एकत्र नांदतात, त्या घरांत पहिली धुसफूस बहुधा याच कारणावरून होते. सासू म्हणते, "आमचीं मुलें वर्षाच्या आंत सांगूं लागलीं." सून म्हणते, "डॉक्टरांनीं घाई करूं नका म्हणून बजावलें आहे." आणि ज्याच्यासाठीं हा वाद चाललेला असतो, तो गृहस्थ दाराआड उभा राहून आपला कार्यभाग उरकून मोकळा होतो! प्राथमिक शाळेंत मुलें शिकविण्यांत माझा जन्म गेला व निवृत्तीनंतर घरांत दोन नातवंडें वाढतांना मीं जवळून पाहिलीं. तेवढ्या अधिकारावर हा विषय हातीं घेत आहें. शिष्टाचाराचा भंग होत असल्यास सुज्ञ वाचकांनीं क्षमा करावी.

आरंभ शब्दापासून करितों. संस्कृत शिकलेल्या माणसाची ही खोड जात नाहीं. 'शौच' हा शब्द 'शुचि' या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ शुद्धता असा आहे. मलविसर्जनास जाणें याला आपण 'शौचास जाणें' म्हणतों, तें विसर्जनानंतर करावयाच्या शुद्धीवरून. म्हणजे भाषेनें मुख्य क्रियेकडे डोळेझांक केली आणि तिच्यामागून येणाऱ्या धुण्यास नांव दिलें. यांत एक मर्म आहे. मुलाला शिकवावयाचें तें मल टाकणें नव्हे. तें काम तें जन्मल्या दिवसापासून उत्तम रीतीनें करीत आलेलें असतें. शिकवावयाचें तें हें कीं, वेग आला तो ओळखावा, योग्य जागा गांठीपर्यंत दम धरावा, तेथें वस्त्र सोडून बसावें, आणि मग स्वच्छ व्हावें. या चार निरनिराळ्या विद्या आहेत व त्या एकाच दिवशीं साध्य होत नाहींत.

जुन्या धर्मशास्त्रकारांविषयीं आपली अशी समजूत असते कीं, सोंवळ्याओंवळ्याच्या बाबतींत ते कोणाचीही गय करीत नसत. परंतु गौतमधर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाचा आरंभ पाहिला तर पुष्कळांस आश्चर्य वाटेल. मुंज होण्यापूर्वीं मुलानें वाटेल तसें वागावें, वाटेल तें बोलावें, वाटेल तें खावें, आणि मलमूत्राचें विसर्जनही जसें जमेल तसें करावें, अशी मोकळीक सूत्रकारानें तेथें दिली आहे. आचमनाचा विधि त्याला नाहीं. पुसणें, धुणें, पाणी शिंपडणें एवढ्यानें त्याची शुद्धि होते. मुंजीपर्यंत मुलाला दुपट्यांत गुंडाळून ठेवावें, असा याचा अर्थ कोणीं करूं नये. तात्पर्य इतकेंच कीं, अडीच वर्षांच्या मुलाच्या हातून जें घडतें त्यास 'अपराध' हें नांव आपल्या पूर्वजांनींही दिलेलें नाहीं. देवघराच्या दारांत नातवानें ओलें केलें म्हणून आकाशपाताळ एक करणाऱ्या आजीबाईंनीं हें वचन ध्यानीं ठेवण्यासारखें आहे.

आतां शरीराकडे वळूं. तान्ह्या मुलाचें मूत्राशय भरलें कीं आपोआप रितें होतें. दिवसांतून वीस-वीस वेळां होतें. त्यांत मुलाच्या इच्छेचा संबंध नसतो. मूत्राशयाच्या व गुदाच्या मुखाशीं स्नायूंचीं आंतील व बाहेरील अशीं वलयें असतात. आंतील वलय आपल्या आज्ञेंत नसतें. बाहेरील वलय असतें. परंतु तें आवळून धरण्याची आज्ञा मेंदूकडून जावी लागते, आणि मेंदू व स्नायु यांमधील ही जोडणी बहुतेक मुलांत वयाच्या दुसऱ्या वर्षांत हळूहळू पक्की होत जाते. मूत्राशयाची धारणाशक्तीही वयाबरोबर वाढते. मुलाच्या वयांत दोन मिळवून तिसानें गुणावें, तितके मिलिलिटर त्यांत मावतात, असा ढोबळ हिशेब डॉक्टर लोक करितात. दोन वर्षांच्या मुलाचे याप्रमाणें १२० मिलिलिटर, म्हणजे लहानशी फुलपात्रभर धारणा झाली. एवढ्या भांड्याच्या धन्याला 'मुंबई येईपर्यंत थांब' असें सांगणें व्यर्थ होय. हा ताबा सामान्यतः एका क्रमानें येतो: प्रथम रात्रीं झोंपेंत शी होण्याचें थांबतें, मग दिवसां शी सांगतां येते, मग दिवसां शू, आणि सर्वांच्या शेवटीं रात्रींची शू. व्याकरणांत सामान्य नियमाला 'उत्सर्ग' म्हणतात व त्याच्या उलट स्थळांना 'अपवाद'. प्रस्तुत प्रकरणीं उत्सर्ग शब्दाचे दोन्ही अर्थ लागू पडतात आणि अपवाद तर घरोघरीं भेटतात!

आपल्या घरांतली जुनी रीत वाचकभगिनींस ठाऊक आहेच. बाळ मान धरूं लागलें कीं आजी पाय पसरून बसे, दोन्ही पावलांत थोडें अंतर ठेवून त्यांवर बाळाला उकिडवें बसवी, पाठीला हाताचा आधार देई आणि तोंडानें 'शूऽ शूऽ' असा आवाज काढी. झोंपेंतून उठल्यावर, दूध पाजून झाल्यावर, न्हाऊं घालण्यापूर्वीं, अशा तिच्या वेळा ठरलेल्या असत. पोटांत अन्न पडलें कीं मोठ्या आंतड्याची हालचाल वाढते हें आजचें शरीरशास्त्रही सांगतें. तेव्हां आजीचा अंदाज निराधार नव्हता. बाळोतीं असत जुन्या लुगड्यांचीं व धोतरांचीं. तीं ओलीं झालीं कीं बाळाला व आजीला दोघांनाही तत्काळ कळे. या रीतींतील एकच गोष्ट सर्वथैव टाकून द्यावी: शी होईना म्हणजे विड्याच्या पानाचा देठ एरंडेलांत बुडवून सारण्याची चाल. त्या नाजूक जागेस त्यानें इजा होते.

पाश्चात्य देशांत या बाबतींत लंबक दोन्ही टोकांस जाऊन आला आहे. अमेरिकन सरकारच्या बालकविभागानें १९१४ सालीं 'इन्फंट केअर' नांवाची पुस्तिका काढली. तिच्या पुढील कांहीं आवृत्त्यांत पहिल्या थोड्या महिन्यांतच, घड्याळाच्या कांट्यावर बाळाला भांड्यावर धरण्याचा उपदेश होता. नंतर १९६२ सालीं टी. बेरी ब्रेझल्टन या बालवैद्यानें आपल्या देखरेखीखालील ११७० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. सुमारें दीड वर्षाच्या वयानंतर आरंभ करावा, मुलाची तयारी दिसेल तसतसें पुढें जावें, अडलें तर थांबावें, असा सल्ला त्यानें आईबापांस दिला होता. त्या मुलांचीं दिवसाचीं बाळोतीं सरासरीनें साडेअठ्ठावीस महिन्यांच्या वयास सुटलीं. याच सुमारास, १९६१ सालीं, 'पॅम्पर्स' हीं वापरून फेंकून द्यावयाचीं बाळोतीं तेथील बाजारांत आलीं होतीं. धुण्याचा त्रास गेल्यामुळें आयांना घाई करण्याचें कारणही उरलें नाहीं. उलट पक्षीं, ॲझरिन व फॉक्स या दोघां मानसशास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं एका दिवसाच्या आंत हें शिक्षण पुरें करण्याची कृति सांगणारें पुस्तक लिहिलें. मुलाला भरपूर पेय पाजावें, बाहुलीला भांड्यावर बसवून दाखवावें, वारंवार सराव करून घ्यावा, असा त्यांचा मार्ग. पण तोही वीस महिन्यांपुढील व तयारी असलेल्या मुलांसाठीं आहे, ही गोष्ट पुस्तकाचें नुसतें नांव ऐकणारे विसरतात.

मौज अशी कीं, १९७७ सालीं डीव्ह्रीस आडनांवाच्या दोघां संशोधकांनीं पूर्व आफ्रिकेंतील डिगो लोकांविषयीं एक लेख लिहिला. तेथील आया पहिल्या कांहीं आठवड्यांपासूनच पाय पसरून बसून बाळाला पायांशीं धरतात, तोंडानें 'शू'सारखा आवाज काढतात, आणि सहा महिन्यांच्या आंतबाहेर मूल त्या इशाऱ्यासरशी विसर्जन करूं लागतें, असें त्यांस आढळलें. ही हकीकत मीं घरांत मोठ्यानें वाचून दाखविली, तेव्हां आमच्या सौ.नें भाजी निवडतां निवडतां मान वर न करतां विचारलें, "एवढ्यासाठीं आफ्रिकेंत कशाला जावें लागलें त्यांना? आळींत कोणाच्याही घरीं यायचें होतें."

मग खरें कोणतें? आजीची रीत कीं ब्रेझल्टनचा सल्ला? माझ्या मतें दोन्ही खरीं. वाद होतो तो दोन निरनिराळ्या गोष्टींना आपण एकच नांव देतों म्हणून. जुन्या रीतींत मुख्यतः शिकते ती आजी. बाळाच्या कपाळावरची आठी, पायांची चाळवाचाळव, खेळतां खेळतां एकाएकीं स्तब्ध होणें, हीं अक्षरें ती वाचावयास शिकते व वेळेवर बाळाला पायांवर घेते. बाळ शिकतें तें इतकेंच कीं, या बैठकींत, या आवाजासरशी सोडावें. दम धरणें, सांगणें, चालत जाणें, चड्डी उतरविणें यांपैकीं कांहींही वर्षाच्या मुलाला येत नाहीं. तें सर्व त्याच्या वतीनें आजी करीत असते. "आमचीं मुलें वर्षाच्या आंत सांगूं लागलीं" या वाक्यांत व्याकरणदृष्ट्या कर्ता 'मुलें' हा असला, तरी खरी कर्ती आजीच होय!

म्हणून ज्या घरांत दिवसभर एक मोकळी मांडी आहे, त्या घरांत ही रीत सुखानें चालवावी. बाळाला त्यांत त्रास नाहीं, अंगावर पुरळ येत नाहीं, आणि आजीनातवंडांचा सहवास घडतो तो वेगळाच. परंतु जेथें आई सकाळीं आठ वाजतां डबा घेऊन कचेरीस जाते व मूल पाळणाघरांत राहतें, तेथें मुलाचा चेहरा वाचावयास बसलेलें कोणी नसतें. तेथें चारही विद्या मुलालाच याव्या लागतात, आणि त्यांस त्यांचा काळ द्यावा लागतो. फिलाडेल्फिया येथील मुलांविषयीं २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, सत्तावीस महिन्यांच्या वयापूर्वीं कसून शिकवणी सुरू केली तर ती बहुधा लौकर संपत नाहीं. फक्त जास्त दिवस चालते. शाळामास्तरास यांत नवल वाटत नाहीं. ज्या मुलाला अजून वीसपर्यंत अंक येत नाहींत, त्याच्याकडून पावकी घोकून घेण्याचा हट्ट धरणारे पालक मीं पुष्कळ पाहिले आहेत.

वेदांताचे ग्रंथ आरंभींच 'अधिकारी' कोण तें सांगतात. ज्याच्या अंगीं साधनचतुष्टय आहे त्यालाच पुढचें ज्ञान. या लहानशा विद्येचेंही एक साधनचतुष्टय आहे. पहिलें शरीराचें: मूल दोन तास कोरडें राहतें काय? दुपारच्या झोंपेंतून कोरडें उठतें काय? शीची वेळ थोडीफार ठरली आहे काय? त्याला चालतां, उकिडवें बसतां व उठतां येतें काय? दुसरें बुद्धीचें: "चेंडू आण आणि टोपलींत ठेव" अशी दुहेरी आज्ञा त्याला उमगते काय? तिसरें वाणीचें: शब्दानें, खुणेनें, निदान आईचा पदर ओढून तें कळवूं शकतें काय? आणि चौथें मनाचें: ओल्या चड्डीचा त्याला कंटाळा येतो काय, थोरांमागोमाग मोरींत जाण्याची हौस आहे काय? शीच्या वेळीं पडद्याआड अगर टेबलाखालीं जाऊन लपणें हेंही एक सुलक्षणच समजावें. वेग ओळखतां येतो व एकांत हवासा वाटतो, असा त्याचा अर्थ. हीं लक्षणें बहुधा दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसूं लागतात. शेजारच्या मुलीस अठराव्या महिन्यांत दिसलीं म्हणून आपल्या मुलास दिसलींच पाहिजेत, असा नियम नाहीं.

अधिकार नसतां घाई झाली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण दूर शोधावयास नको. आमच्या धाकट्या चिरंजीवांचा मुलगा सव्वादोन वर्षांचा असतां त्याचें नांव एका बालवर्गांत घातलें. त्या वर्गाच्या चालकांचा दंडक असा कीं, जूनपासून मूल बाळोत्याशिवाय आलें पाहिजे. नातू तोंवर शू सांगूं लागला होता. शी मात्र पडद्याआड उभ्यानें करी. वर्गांत त्याला बराच वेळ भांड्यावर बसवून ठेवूं लागले, आणि एके दिवशीं चड्डींत झाली तेव्हां इतर मुलांदेखत 'घाणेरडा' म्हणून वेगळें उभें केलें. त्या दिवसापासून पोरानें शी करण्याचेंच सोडून दिलें.

पहिले दोन दिवस कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं जेवण कमी झालें. पुढें तो मधूनच भिंत धरून, टांचा उंचावून, पाय एकमेकांत आवळून उभा राही. तोंड लाल होई. पाहणारास वाटे कीं तो कुंथत आहे. वस्तुतः तो सर्व बळ एकवटून रोखून धरीत होता. सहाव्या दिवशीं चड्डीला पातळ डाग दिसूं लागले. घरांत कोणी म्हणालें जुलाब झाले, आणि जायफळ उगाळण्यासाठीं सहाणही पुढें आली. सूनबाईंनीं तें थांबवून मुलाला डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं पोट चांचपून सांगितलें कीं, आंत कठीण मळ अडकला असून त्याच्या बाजूनें पातळ पाझरत आहे. यावर जायफळ म्हणजे आगींत तेल. मळ मऊ करण्याचें औषध कित्येक आठवडे द्यावें, शिकवणी पूर्ण बंद करावी, बाळोतें पुन्हा बांधावें आणि घरांत कोणीं या विषयाचा शब्दही काढूं नये, असें त्यांचें सांगणें पडलें.

बाळोतें पुन्हा बांधण्याचा तो प्रसंग सूनबाईंस फार जड गेला. आपण आई म्हणून नापास झालों अशी त्यांची समजूत; वर्गांतून तर 'घरचे लक्ष देत नाहींत' असा निरोप आलेला. त्या रात्रीं सौ. त्यांच्याजवळ जाऊन बसली. बोलली फारसें नाहीं. आपल्या थोरल्या मुलानें मुंजीच्या आदल्या वर्षापर्यंत अंथरूण ओलें केलें होतें, ही घरांत पस्तीस वर्षें कोणास न सांगितलेली गोष्ट तिनें सुनेला सांगितली. दुसऱ्या दिवसापासून त्या दोघींतील तेढ नाहींशी झाली. बालवर्ग बंद केला. दिवाळीनंतर, पावणेतीन वर्षांचा असतां, एके दिवशीं नातवानें आपण होऊन भांडें ओढून आणलें व पडद्याआड ठेवून त्यावर बसला. पडदा त्याचा, भांडें आमचें. तडजोड उत्तम झाली. पुढें तेंच भांडें दररोज हातभर सरकवीत आम्हीं मोरीपर्यंत नेलें.

हा दोष एकट्या त्या मुलाचा नव्हे. अमेरिकेंतील ४८२ मुलांविषयींच्या १९९७ सालच्या एका अभ्यासांत सुमारें पांचांतील एका मुलानें निदान महिनाभर भांड्यावर शी करण्याचें नाकारलें होतें. मूल रोखून धरतें तेव्हां आंतडें मळांतील पाणी शोषून घेत राहतें, मळ कठीण होतो, बाहेर पडतांना दुखतें, क्वचित् चीर पडून रक्त येतें. आणि दुखल्यामुळें मूल पुढल्या खेपेस अधिकच रोखतें. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील सातव्या अध्यायाचें नांवच 'नवेगान्धारणीय' असें आहे. जे तेरा नैसर्गिक वेग अडवूं नयेत म्हणून तेथें सांगितले आहेत, त्यांत मूत्र व मल यांचे वेग आरंभींच येतात. जो वेग थोरांनींही अडवूं नये, तो भीतीपोटीं अडविण्यास आपण लहानास शिकवावें काय?

असो. आतां प्रत्यक्ष कृति. आरंभ उन्हाळ्यांत करावा. कपडे थोडे लागतात व धुतलेले वाळतात. श्रावणांत ओल्या चड्ड्यांचें तोरण लावून आरंभ करणारीच्या सहनशक्तीस माझा नमस्कार! घरांत नवें भावंड येण्याच्या सुमारास, बिऱ्हाड बदलतांना, अगर मूल तापांतून उठलें असतां आरंभ करूं नये. सर्वांनीं मिळून शब्द ठरवावे; आईची 'शू', आजीची 'लघवी' आणि पाळणाघरांतली 'सुसू' असे तीन शब्द एका मुलावर लादूं नयेत. भांडें रुंद बुडाचें, न डळमळणारें, मुलाचे पाय जमिनीस टेंकतील असें घ्यावें. घरांत खुर्चीसारखा संडास असेल तर वर लहान बैठक ठेवावी व पायांखालीं पाट द्यावा. गुडघे कमरेपेक्षां वर आले म्हणजे मळाचा मार्ग सरळ होतो. आपल्या देशी उकिडव्या बैठकीचा गुण हाच. मात्र देशी पात्र मुलाच्या मानानें फार रुंद असतें. आंत पडण्याची भीति त्याला वाटते व ती खोटी नाहीं. तेव्हां तेथें हात धरून बसवावें.

पहिले कांहीं दिवस नुसतें कपड्यानिशीं बसूं द्यावें. मग सकाळीं उठल्यावर, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनीं, आंघोळीपूर्वीं व निजण्यापूर्वीं बसवावें. पांच मिनिटांवर बसवूं नये. झालें तर 'शाबास' म्हणावें, न झालें तर 'बरें, उठ' म्हणावें. दोन्ही वेळां आवाज एकच असावा. पेढे वांटण्याइतका आनंद दाखविला कीं, न होण्याच्या दिवशीं मुलाला तितकेंच अपयश वाटतें. बंदांच्या व बटनांच्या चड्ड्या पेटींत ठेवाव्या, सैल नाडीच्या वापराव्या. विकतच्या बाळोत्यांत ओल अंगाला लागत नाहीं, ही त्यांची सोय. पण या शिक्षणांत तीच अडचण होते, कारण आपण ओलें झालों हें मुलाला कळतच नाहीं. म्हणून घरीं असतांना तरी सुती चड्डी घालावी व प्रवासांत खुशाल बाळोतें बांधावें. आहारांत फळें, भाज्या, वरण व पुरेसें पाणी असावें; दिवसभर नुसत्या दुधाच्या बाटलीवर असलेल्या मुलांस मळाचा खडा लौकर होतो. शेवटीं शौचाचा खरा अर्थ: पाण्यानें धुणें, मुलींच्या बाबतींत पुढून मागें धुणें, आणि साबणानें हात धुणें. हें शिकविल्यावांचून विद्या पुरी झाली असें म्हणूं नये.

न करावयाच्या गोष्टी थोड्या पण महत्त्वाच्या आहेत. मारूं नये; ओल्या चड्डीनें ताटकळत ठेवूं नये; पाहुण्यांदेखत त्याची फजिती सांगून हंसूं नये; 'बागुलबुवा धरील' म्हणून संडासाची भीति घालूं नये. 'चटका दिला कीं सुधारतो' असें म्हणणारी एखादी शेजारीण अजूनही भेटते. तिला घरांत थारा देऊं नये. सुभाषितकारांनीं पहिलीं पांच वर्षें लालनाचीं म्हणून वेगळीं काढलीं आहेत, तीं उगीच नव्हेत.

रात्रींचा प्रश्न निराळा आहे. तो शिकवणीचा नसून वाढीचा आहे. रात्रीं मूत्र कमी तयार व्हावें यासाठीं शरीरांत एक रस स्रवतो, तो कांहीं मुलांत उशिरां पुरेसा होतो. कांहींची झोंप फार गाढ असते. आणि आईबापांपैकीं कोणी लहानपणीं अंथरूण ओलें करीत असलें तर मुलांतही तें पुष्कळदां येतें. पांच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारें पंधरा मुलें रात्रीं ओलीं होतात व पुढें दरवर्षीं त्यांतील कांहींचें आपोआप थांबतें. झोंपेंत घडलेल्या गोष्टीबद्दल मुलाला जाब विचारणें न्यायाला धरून नाहीं. मात्र महिनोन् महिने कोरडें असलेलें मूल पुन्हा ओलें होऊं लागलें व त्यास तहान फार लागूं लागली, लघवीस आग होऊं लागली, शींत रक्त दिसलें, दिवसभर थेंब थेंब गळत राहिलें, अगर चार वर्षें होऊनही दिवसां कांहींच कळेना, तर घरगुती उपाय करीत न बसतां डॉक्टरांकडे जावें.

शाळामास्तर म्हणून एक शेवटची विनंति. पहिलीच्या वर्गांत जूनच्या आरंभीं करंगळी वर करून "गुरुजी, एकीला जाऊं?" असें विचारणारीं मुलें धीट, त्यांची चिंता नसते. चिंता असते ती न विचारणारांची. कांहीं मुलें शाळा सुटेपर्यंत पाणीच पीत नाहींत, कारण शाळेंतील शौचकूपास कडी नाहीं, पाणी नाहीं, किंवा तेथें जाण्याची त्यांना भीति वाटते. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें प्रत्येक शाळेंत मुलांस व मुलींस वेगवेगळीं स्वच्छतागृहें असलींच पाहिजेत असें ठरविलें आहे. तीं वापरण्याजोगीं आहेत कीं नाहींत, हें पालकांनीं शाळेंत नांव घालतांना स्वतः जाऊन पाहावें. फळ्याचा रंग व गणवेशाचें कापड पाहणारे पालक पुष्कळ. मोरींत डोकावणारा एखादाच. आणि बालवर्गाच्या चालकांस एवढेंच सांगणें आहे कीं, अडीच वर्षांच्या मुलास बाळोत्यासकट घेतां येत नसेल तर वर्गाचें वय वाढवावें; मुलाचें वय वाढविणें कोणाच्याच हातीं नाहीं.

घरांतील वडीलधाऱ्या मंडळींनीं आपली मोकळी मांडी द्यावी, तरुण मंडळींनीं डॉक्टरांचा सल्ला द्यावा, आणि मुलाला त्याचा वेळ द्यावा. एवढें झालें तर लग्नाच्या बोहल्यावर आजवर कोणी बाळोतें बांधून उभा राहिलेला नाहीं, हें स्मरून सर्वांनीं निश्चिंत असावें. इत्यलम्.